काळ्या वायरीतली लोकर

कुठल्याही वस्तूला धरण्याआधी सोनाली हाताची उलटी बाजू लावून बघायची. सकाळी नळाच्या तोटीला, दुकानाच्या शटरला, चहाच्या पातेल्याला, एकदा तर सासूच्या नव्याकोऱ्या लोखंडी कपाटालासुद्धा. पिरंगुटच्या कारखान्यात वायरी जोडायच्या लाइनवर ती एकोणिसाव्या वर्षी लागली, तेव्हा लीलाबाई नावाच्या जुन्या कामगार बाईने पहिल्याच दिवशी तिला हे शिकवलं होतं. करंट असला की मूठ आपोआप मिटते. तळवा लावलास तर वायर धरून बसशील, उलटा हात लावलास तर तोच मागे फेकला जाईल. पुढे लीलाबाई निवृत्त झाली, कारखान्याने ती लाइनच दुसऱ्या राज्यात हलवली, सोनालीची नोकरी गेली, पण सवय काही गेली नाही. लोक हसायचे. ताम्हिणीच्या ढाबेवाल्याने एकदा तिच्यापुढे भज्यांची प्लेट ठेवली तर तिने प्लेटलाही उलटा हात लावला. तो म्हणाला, "ताय, भज्यात करंट न्हाई ओ, मिरची हाय."

सोनाली मूळची धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्यातली. बाप बिरू अजूनही शेळ्या-मेंढ्या राखतो. ती मात्र नऊ वर्षं कारखान्यात वायर सोलत, टोकाला टर्मिनल दाबत, त्यावर गरम केली की आकसून बसणारी प्लास्टिकची नळी, म्हणजे स्लीव्ह, चढवत राहिली. दिवसाला सातशे-आठशे जोड. नोकरी सुटल्यावर तिने पौडच्या रस्त्याला एक गाळा घेतला आणि बंगल्यांच्या पाण्याच्या मोटारी, ढाब्यांचे इन्व्हर्टर, तंबूवाल्यांचे दिवे अशी कामं सुरू केली. बंगल्यावर गेली की दार उघडणारा तिच्या मागे बघायचा. "वायरमन कुठंय?" ती पिशवी खाली ठेवून म्हणायची, "हितंच हाय." पाच वर्षांत धरणाच्या तळ्याकाठच्या लोकांना तिचं नाव ठाऊक झालं होतं. ते नाव तिने एकेका जोडातून कमावलं होतं.

रागावली की सोनाली हळू बोलायची. इतकी हळू, की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे. तिच्या नवऱ्याला, सोमनाथला, ते पक्कं माहीत होतं. ती कुजबुजायला लागली की तो चप्पल घालून बाहेर जायचा.

निरंजन हा पुण्याचा माणूस. त्याने भिवाजी नावाच्या शेतकऱ्याकडून तळ्याकाठची जमीन घेऊन तिथे कॅम्प उभा केला होता. हौशी लोक शनिवार-रविवारी यायचे, गळ टाकून मासा पकडायचे, त्याच्यासोबत फोटो काढायचे आणि त्याला परत पाण्यात सोडायचे. बोट चालवायला भिवाजीचाच मुलगा राजू होता. तो सोनालीच्या वर्गातला. शाळेत असताना त्याच्या घरचा भात ज्या खाचरात व्हायचा, तिथे आता तंबू होते, आणि तंबूतल्या लोकांना चहा नेऊन द्यायचं कामही त्याचंच होतं.

फेब्रुवारीत निरंजनचा फोन आला. "लाइव्ह सोनार घेतलाय. फिटिंगला तुमचे मिस्टर कधी येतील?"

"मिस्टर बस चालवतात. बस बिघडली तर सांगा," सोनाली म्हणाली. "बोटीला मी येते."

सोनार म्हणजे आवाजाच्या लाटांनी पाण्यातला मासा शोधून दाखवणारं यंत्र, तीन वस्तूंचं. पाण्यात सोडायचा सेन्सर, एक काळा डबा आणि एक स्क्रीन. साध्या यंत्रात बोटीखालून निघून गेलेला मासा नंतर दिसतो. यात सेन्सर ज्या दिशेला वळवाल तिकडचं पाणी त्या क्षणाला, हलतं, दिसतं. सेन्सर पुढच्या टोकाला दांड्यावर बसणार होता, डबा त्याच्याजवळच्या कोरड्या कप्प्यात, आणि जड बॅटरी मागे, तोल राहावा म्हणून. म्हणजे वायर चौदा फुटी बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची. निरंजनने वायरीचं वेटोळं स्वतः मागवलं होतं. सोनालीने ते उलगडलं आणि थांबली.

"सर, दोन्ही वायरी काळ्या?"

"बोट ब्लॅक, वायर ब्लॅक. फोटोत क्लीन दिसतं."

"दिसंल की. पण बॅटरी चार्जिंगला काढून परत लावताना प्लस कुठली आन् मायनस कुठली, ते फोटो सांगणार हाय का?"

"तुम्ही करा ना काहीतरी मार्किंग."

"टोकाला लाल स्लीव्ह घालते."

"लाल नको प्लीज. सगळा लुक जातो."

राजू काठावर बसून गळाची दोरी सोडवत होता. तो म्हणाला, "लाल लिपस्टिक लाव म्हनावं बोटीला. लुक यील."

सोनाली हसली आणि लालवर अडून बसली नाही. ही तिची चूक. पुढे कित्येक दिवस ती यासाठी स्वतःवर दात-ओठ खात होती. तिने कागदावर लिहून दिलं की उलटा बसूच शकणार नाही असा जोड मागवा. निरंजनने त्या कागदाचा फोटो काढला, "डन" म्हणाला, आणि तो जोड कधीच आला नाही.

तोवर खूण हवीच होती. सोनालीच्या पिशवीत लोकर असायची. वाड्यावर गेली की बापाकडून ती मूठभर घेऊन यायची, एक पांढरी, एक काळी. पांढरी म्हणजे प्लस, काळी म्हणजे मायनस. वायरीच्या टोकाला तिने बोटभर लोकरीचा गोंडा बांधला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. पण त्याआधी, स्लीव्ह चढवायच्या अगोदर, तिने त्याच लोकरीचा एक पेड आत तारेला गुंडाळला आणि वरून काळी स्लीव्ह आवळून टाकली.

"आत कशाला? कोन बगतंय?" राजूने विचारलं.

"आबाची रीत हाय."

तिचा आबा, बिरू, शेळीच्या कानाला कातर मारायचा, तशी सगळ्याच वाड्यांवर मारतात. ती खूण सगळ्यांसाठी. पण प्रत्येक शेळीच्या मांडीच्या आत, केसांखाली, तो एक बारीक डागही द्यायचा. तो घरच्यांशिवाय कुणाला माहीत नसे. सोनाली नऊ वर्षांची असताना त्यांची एक शेळी चोरीला गेली आणि पंधरा दिवसांनी पौडच्या बाजारात दिसली. चोराने कान आणखी खालून कापला होता. चार लोक जमले, चोर शपथा घेत होता.  बिरूने शेळी आडवी पाडली, तंगडी उचलली आणि लोकांना म्हणाला, बघा.

फ्यूज तिने बॅटरीच्या डब्यातच, प्लसच्या बोल्टाला लागून बसवला आणि राजूला बजावलं, "ह्यो उडला म्हंजी कायतरी चुकलंय. दुसरा घालायचा न्हाई. मला फोन करायचा. कळलं का?"

"कळलं गं बाई. लिहून घेऊ का?"

दुपारी बोट तळ्यात नेली. सोनालीने बटण दाबलं आणि स्क्रीनवर पाणी उघडलं. बुडालेला उतार, एका झाडाचा उभा बुंधा, आणि त्याच्या आडोशाला तांदळाच्या दाण्यांसारखे हलणारे मासे. राजूने गळ टाकला तर शिशाचं वजन खाली जाताना दिसलं, बारीक पांढऱ्या रेघेसारखं. एक दाणा त्याच्याजवळ आला, थबकला आणि वळून गेला. या पाण्याच्या काठाला ती लहानाची मोठी झाली होती, पण त्याच्या आत असं काही चाललेलं असतं हे तिने कधी पाहिलं नव्हतं. ती स्क्रीनवरून डोळे काढेना.

"मासा दिसला म्हंजी झालं का?" राजू म्हणाला. "त्येला भूक नको लागाया?"

निरंजनने टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. फोटोत सोनाली नव्हती. तिला त्याचं काही वाटलं नाही. काम चोख झालं होतं.

तीन आठवडे सोनार चालला. चौथ्या आठवड्यात ताम्हिणीच्या ढाबेवाल्याने इन्व्हर्टरचं काम रद्द केलं. मग मुठा गावातल्या एका बंगल्यावरचं मोटारीचं काम गेलं, मग आणखी एक. कारण कुणी सांगेना. शेवटी ती ढाब्यावर जाऊन उभी राहिली तेव्हा ढाबेवाल्याने खाली मान घालून मोबाइल तिच्यापुढे धरला. तळ्याकाठच्या बंगलेवाल्यांचा आणि ढाबेवाल्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता तो, आणि त्यात निरंजनने जळालेल्या डब्याचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं: "फ्रेंड्स, बी केअरफुल. लोकल वायरवाल्या बाईकडून सोनार बसवून घेतला, महिन्याभरात जळाला. प्लीज कोणीही तिला काम देऊ नका. यांना बकऱ्याच राखू द्या."

त्याखाली सात हसरे चेहरे होते. सोनालीने बोट ठेवून ते कुणाकुणाचे आहेत ते वाचलं. सातांतल्या तिघांच्या घरात पाणी तिच्या हातच्या जोडांवर चढत होतं.

"ताय, मी न्हाई हसलो," ढाबेवाला म्हणाला.

"काम मात्र काडून घेतलंस," ती म्हणाली. ते इतक्या हळू, की त्याला ऐकूच आलं नाही.

तिने निरंजनला फोन लावला. त्याने उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस ती रोज सकाळी गाळा उघडून बसली आणि रोज संध्याकाळी बंद करून घरी गेली. राग तिच्या अंगात तापासारखा भरला होता. स्वयंपाक करताना, कपडे पिळताना, ती मनातल्या मनात ती वायर पहिल्यापासून जोडत जायची. सोलली, दाबली, लोकर गुंडाळली, स्लीव्ह, बोल्ट. कुठेच चूक सापडत नव्हती. चूक सापडली असती तर कदाचित बरं वाटलं असतं. आणि ते शेवटचं वाक्य. जोड चुकला म्हणाला असता तर तिने ते तपासलं असतं. बकऱ्या राखण्यात तपासायचं काय होतं?

नवव्या दिवशी ती कॅम्पवर गेली. निरंजन होता, आणि मुठ्याला बंगला असलेले बंडोपंत त्याच्याकडे चहाला आले होते. बंडोपंत बँकेतून निवृत्त झालेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. रद्द झालेलं मोटारीचं काम त्यांचंच होतं. त्या सात चेहऱ्यांत एक त्यांचाही होता. बोट पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. डबा जळाला त्या दिवसापासून निरंजनने तिला कुणाला हात लावू दिला नव्हता, कारण सोनारच्या कंपनीचा माणूस पंचनामा करायला येणार होता.

"तुम्ही इथे कशाला आलात?" निरंजन म्हणाला. "जे व्हायचं ते झालंय."

"मला बोट बगायचीय."

"कंपनीचा माणूस बघेल."

"कंपनीचा मानूस डबा बगंल. वायर माझी हाय. मी बगनार."

बंडोपंत पुढे वाकले. "काय म्हणाल्या?"

"वायर माझी हाय, म्हनले मी."

"बघू द्या की हो," बंडोपंत म्हणाले. "बघितल्याने आणखी काय जळणार आहे?"

राजू शेडच्या खांबाला टेकून उभा होता. सोनालीने त्याच्याकडे पाहिलं. तो चपलेच्या अंगठ्याकडे बघायला लागला.

तिने बॅटरीचा डबा उघडला. दोन काळ्या वायरी, दोन बोल्ट. लोकरीचे गोंडे नव्हते. जिथे ते होते तिथे कात्रीने सफाईने कापल्याच्या खुणा होत्या. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून खुपसलेली, करपून काळी पडलेली.  ती वर न बघता म्हणाली, "माझी लोकर कुनी कापली?"

"ती लोकर?" निरंजन म्हणाला. "अहो, फोटोशूट होतं. देवळात बांधल्यासारखे गोंडे लोंबत होते बोटीला. त्याचा आणि शॉर्ट होण्याचा काय संबंध?"

"बॅटरी चार्जिंगला काडली हुती?"

"दर आठवड्याला काढतो."

"आन् परत लावताना कुठली वायर कुठं, ते कसं समजलं?"

"समजलं म्हणजे, आहे तशी लावली. हे बघा, तुमचा जोड आतून लूज होता. सिंपल आहे."

सोनालीने पिशवीतून पातं काढलं. "बंडोपंतकाका, हिकडं या. आन् चष्मा लावा."

तिने मायनसच्या बोल्टावरच्या वायरीची स्लीव्ह उभी चिरली, सावकाश, आतल्या तारेला धक्का लागणार नाही अशी. काळं कवच दोन्ही बाजूंना उघडलं. आत तारेभोवती पांढऱ्या लोकरीचा पेड होता, बांधला त्या दिवसासारखा पांढरा. मग तिने प्लसच्या बोल्टावरची वायर चिरली. आत काळी लोकर.

"पांढरी प्लसची," ती म्हणाली. "ती हितं मायनसवर हाय. काळी मायनसची, ती प्लसवर. उलटी जोडली तवा फ्यूज उडाला, कारन त्येचं कामच ते हाय. मग कुनीतरी त्यात चांदी घातली. मग डबा जळाला."

 बंडोपंतांनी वाकून दोन्ही वायरी पाहिल्या.

"पण तुम्हीच पहिल्यापासून उलटी जोडली नसेल कशावरून?" निरंजन म्हणाला.

"तीन आठवडे चालत होता ना तुमचा सोनार?" बंडोपंत म्हणाले. "मला रोज व्हिडिओ पाठवत होतात."

सोनाली राजूकडे वळली. "चांदी कुनी घातली?"

राजू खांबाआड सरकला.

"राज्या, बापानं जमीन इकली. तू जीभ बी इकलीस का?"

राजूचा चेहरा तांबडा झाला. "मी घातली," तो म्हणाला. "सरांनी सांगितलं. गेस्ट बसले हुते बोटीत. मी म्हनलो तिला फोन लावतो, तर सर म्हनले तिला यायला दोन तास लागतील, तू जुगाड कर कायतरी. वायरी बी मीच लावल्या. दोनी सारख्याच दिसत हुत्या. मला काय म्हाईत कुठली कुठली."

"आन् आठ दिस तू हे पोटात ठिवलंस."



निरंजनने चहाचा कप खाली ठेवला. "ओके. फाइन. मी तो मेसेज डिलीट करतो."

"पुसून काय हुतंय? वाचलाय त्येंनी."

"मग लिहितो, गैरसमज झाला होता."

"कुनाला झाला? मला तर न्हाई झाला."

"मॅडम, तुम्हाला नेमकं काय पाहिजे?"

"झालं ते लिवा. माझ्या नावानं लिवा. पयल्यांदा मी वायरवाली बाई हुते. आता नाव लिवा."

निरंजन हसल्यासारखं करून बंडोपंतांकडे वळला. "मी काय शाळेतला मुलगा आहे का, शुद्धलेखन लिहायला?"

"लिहा हो," बंडोपंत म्हणाले. ते सोनालीकडे बघत नव्हते.

तो लिहीत असताना सोनाली त्याच्या खांद्यामागे उभी राहिली. वायरिंग बरोबर होतं, त्याने लिहिलं. खुणेची लोकर मी कापली. वायरी उलट जोडणं आणि फ्यूजमध्ये चांदी घालणं हे माझ्या कॅम्पवर झालं. सोनालीताईंची यात काही चूक नाही. खाली चिरलेल्या वायरींचा फोटो. तो पाठवणार तेवढ्यात ती म्हणाली, "आन् ते बकऱ्यांचं?"

"तो जोक होता."

"मंग जोक होता असं लिवा. सात जन हसले, बाकीचे आता हसतील." ती आणखी हळू बोलू लागली होती. निरंजनला मान वळवून ऐकावं लागलं. "बकऱ्या राकायला बी अक्कल लागती सर. दोनशे जनावरांत आपलं कुठलं ते अंधारात हातानं कळावं लागतं. तुमाला दोन वायरी वळखता आल्या न्हाईत."

त्याने लिहिलं, शेवटचं वाक्य मी लिहायला नको होतं. पाठवलं. मोबाइल टेबलावर उपडा टाकला. मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "पुढच्या आठवड्यात नवा डबा येतोय. तुम्ही येणार ना? लाल वायर आणतो यावेळी."

"न्हाई."

"आता काय? सगळं क्लिअर झालं ना?"

"तुमाला झालं," ती म्हणाली आणि पातं पुसून पिशवीत ठेवलं.

फाटकापर्यंत राजू मागे आला. "सोने, मी सांगनारच हुतो."

"कवा?"

तो तिथेच थांबला. ती बसची वाट न बघता चालत निघाली. दोन किलोमीटर चालल्यावर तिच्या लक्षात आलं की दात आवळून आवळून तिचा जबडा दुखतोय. जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. आपल्या कामात खोट नाही हे तिला कालही माहीत होतं, परवाही माहीत होतं. ते दुसऱ्याच्या मोबाइलवर उमटावं म्हणून तिला स्वतःचा जोड स्वतः चिरावा लागला होता. चांगला जोड. अजून दहा वर्षं टिकला असता.

ग्रुपवर निरंजनच्या मेसेजखाली दोघांनी अंगठे दिले. हसणाऱ्यांपैकी कुणीच काही लिहिलं नाही. तीन दिवस एकही फोन आला नाही. ढाबेवाल्याने इन्व्हर्टर आधीच पिरंगुटच्या माणसाकडून बसवून घेतला होता. सोमनाथ म्हणाला, जाऊ दे गं, लोकं विसरतात. ती म्हणाली, विसरतात तेच तर वाईट आहे. हे ती हळू म्हणाली, आणि तो चप्पल शोधायला लागला.

चौथ्या दिवशी सकाळी गाळ्यात फोन वाजला. बंडोपंत होते. आधी त्यांनी उन्हाबद्दल सांगितलं, यंदा मार्चमध्येच काय तापलंय. मग त्या दिवशी शेडमध्ये जे झालं ते फार बरं झालं असं म्हणाले. मग माणसांचं असंच असतं, घाईत काहीतरी लिहून जातात, आपणही न वाचताच काहीतरी दाबून जातो, असं म्हणाले आणि थांबले. तिला त्यांचा तो पिवळा हसरा चेहरा दिसला, सातांतला तिसरा. त्यांना विचारायच्या गोष्टी तिच्याकडे भरपूर होत्या. आठ दिवस तिने त्या एकामागून एक लावून ठेवल्या होत्या. पलीकडे बंडोपंत खाकरले आणि म्हणाले, मोटार फक्त घूं घूं करते, पाणी वर चढत नाही.

सोनालीने पेन घेतलं, वही उघडली आणि विचारलं, "पानी कवापासून बंद हाय?"